कुरव

शिलिंग माझा होता.
हे कुठल्याच रेकॉर्डच्या पाठीवर छापलेलं नाही,
छापावं असं काही नाहीही म्हणा;
पण पंचाहत्तरीला माणसाने
आपली येणी एकदा मोठ्याने मोजावीत.

ग्रिम्सबी. एकोणसत्तरचा जानेवारी.
जाळ्यांच्या गोदामावरची खोली,
भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे, सगळ्याला डांबराचा वास,
आणि खाली जिन्याखाली विजेचा मीटर :
नाणं गिळल्याशिवाय तो कोणाला ओळखत नसे.

टिन हार्बर म्हणजे तेव्हा चार पोरं.
क्लाइव्ह ट्रॅनमर, गिटारचे हप्ते थकलेला.
हॉरेस पिक, चॅपलमधून ऑर्गनसकट हाकललेला
(ऑर्गन त्याचाच होता, असं तो म्हणे).
बेसवर माझा भाऊ बर्नार्ड.
ड्रमवर विल्फ ओडलिंग, कानटोपी घालून.
मी दिवसभर हॅडॉक चिरून थेट तिथे जायचे,
खोक्यावर बसायचे.
माझ्या वासाने मांजरं यायची,
मांजरांमुळे उंदीर वायरी कुरतडत नसत,
म्हणून मला कोणी ऊठ म्हणत नसे.

गाण्याला तोवर कुठल्याशा मुलीचं नाव होतं.
सातव्यांदा घेत होते. तिसरं कडवं संपलं,
क्लाइव्हने एक सूर ताणून धरला
आणि मीटरने डोळे मिटले.

अंधारात सगळे खिसे चाचपू लागले.
बटणं निघाली, गहाणवटीची पावती निघाली.
माझ्याकडे बसभाड्याचा शिलिंग होता,
त्याला दोन खवले चिकटलेले.
गमबुटांनी जिना उतरले, भिंत धरत,
बर्नार्ड वरून ओरडतोय, एनिड, मेलीस का,
आणि विल्फ
वाजवतच राहिला.
थांब असं कोणी म्हटलं नाही, म्हणून असेल.

नंतर ऐकलं तेव्हा आधी सगळे हसले.
फीत मंदावली म्हणून सूर धावला होता,
धक्क्यावरून कुरव किंचाळत उठावा तसा सरळ वर;
आणि वीज परतल्यावर त्याच सुराने
आभाळातून सूर मारला,
तो नेमका विल्फच्या ठोक्यावर पडला.
हॉरेस म्हणाला, बिघडलं, पुन्हा घेऊ.
पुन्हा घ्यायला शिलिंग नव्हता.
त्या मुलीचं नाव खोडून क्लाइव्हने लिहिलं : कुरव.

पुढचं लोकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.
ती किंकाळी बुडालेल्या खलाशाची आहे,
ती युद्धाविरुद्ध आहे,
ती ड्युसेलडॉर्फच्या एका प्राध्यापकाच्या मते
आईच्या पोटातून बाहेर पडण्याची आहे.
रेकॉर्डवर नाव एकट्या क्लाइव्हचं आलं.
हॉरेस कोर्टात गेला. जिंकला म्हणे,
वकिलाची बिलं भागली.
बर्नार्डच्या घरात ते गाणं लागलं
की तो उठून भांडी घासतो.

विल्फचं लाउथला सायकलींचं दुकान आहे,
डावा कान गेलाय.
गेल्या ईस्टरला चेन बसवता बसवता विचारलं,
त्या अंधारात काय वाजवत होतास रे?
तुझे बूट, म्हणाला. एकोणीस पायऱ्या उतरलीस.
मग बराच वेळ काही ऐकू येईना.
मीटरची फट सापडत नव्हती, मी म्हटलं.
हां. तेव्हा मी नुसता घुमवत ठेवला,
तू सापडेपर्यंत.
आणि चेनला तेल घातलं.

ते फितीवर नाही. फीत तेव्हा उभी होती.

त्या रात्री क्लीथॉर्प्सपर्यंत चालत आले,
वाऱ्याला तोंड देत, मोजे ओले.
शेवटची बस शेजारून गेली.
कंडक्टर ओळखीचा, त्याने हात हलवला.
मीही हलवला,
रिकामा.